वाफ जाते कुठे?

आमच्या बाथरूममधला पंखा चार वर्षं इमानेइतबारे फिरत होता. बटण दाबलं की घरघर सुरू, आंघोळ आटोपली की बंद. मी बँकेत उभी हयात काढलेला माणूस. आवाज होतोय म्हणजे काम होतंय, असं समजण्याची खोड तिथलीच. गेल्या पावसाळ्यात सौ.नं माळ्यावरची ट्रंक उघडली, तर माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित बुरशीनं काळंठिक्कर पडलेलं. "चला, कुणीतरी शेवटपर्यंत वाचली म्हणायची," इति सौ.

मी आधी वरच्या मजल्यावरच्यांना दोष दिला. प्लंबर आला, गळती काही सापडली नाही. शेवटी आमच्या वायरमनच्या मनात शंका आली. त्यानं देवघरातली उदबत्ती मागितली, पेटवून पंख्यापाशी धरली. धूर झटकन आत ओढला गेला. मी खूश. तो म्हणाला, "काका, आता माळ्याचं दार उघडा." उघडलं, तर आत मोगऱ्याचा घमघमाट! फॉल्स सीलिंग करणाऱ्यानं भिंतीला भोक पाडायचे कष्ट वाचवून पंख्याचं तोंड थेट माळ्यात सोडून दिलं होतं. चार वर्षं आमच्या आंघोळीची वाफ माझ्या कादंबरीवर धरली जात होती.

यात हसण्यासारखं आहे ते एवढंच. आमच्याकडे गीझर विजेचा आहे. त्याच कारागिरानं आमच्या इमारतीत आणखी काही घरांची कामं केली आहेत, आणि त्यातल्या दोन घरांत गॅसचा गीझर बाथरूमच्या आत टांगलेला आहे. एक किलो गॅस जळायला साडेतीन किलोच्या आसपास प्राणवायू लागतो, आणि त्यातून दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन निघतं. दार-खिडकी बंद असलेल्या लहानशा खोलीत तेवढी हवा येणार कुठून? हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो. याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200हून अधिक पट जोरानं चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात. माणसाला वाटतं, पित्त झालं. कडी उघडायचं सुचेपर्यंत हातात बळ उरलेलं नसतं. हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रात येतात, आणि आपण पान उलटतो.

लहानपणी साताऱ्याच्या घरी तांब्याचा बंब होता. तो मागच्या पडवीत, उघड्यावर. पाणी तापलं की घंगाळात काढून न्हाणीत न्यायचं. माझी आजी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण विस्तव न्हाणीत नेणाऱ्याला तिनं चिमट्यानं हाणला असता.

मी स्वतः काही फार वेगळा वागलो नाही. गृहकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या सहीनं मंजूर झाल्या. नकाशात बाथरूमला लागून एक छोटा चौकोन असे, 'व्हेंटिलेशन डक्ट'. जामीनदार पाहिला, पगारपत्रक पाहिलं, सातबारा पाहिला. तो चौकोन वर आभाळापर्यंत उघडा राहतो की नाही, हे एकदाही पाहिलं नाही. आमच्या सोसायटीत कबुतरं येतात म्हणून डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकला आहे. म्हणजे ज्यांचे पंखे डक्टमध्ये उघडतात, त्यांचीही वाफ बाहेर जात नाही; ती शेजाऱ्याच्या खिडकीतून आत शिरते.

मी आता बाहेरच्या भिंतीला भोक पाडून सहा इंची पाइप काढला आहे. आखूड, सरळ, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे आत गोठलेलं पाणी पंख्यावर परत येत नाही. तोंडाला झडप आहे. दार खालून थोडं तासून घेतलं, कारण आत हवा आली नाही तर पंखा बाहेर काय फेकणार? आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तो चालू ठेवतो. वीजबिलावर त्याचा फरक मला तरी दिसलेला नाही. मात्र पंखा बाहेर काढला म्हणून आतला गॅस गीझर निर्धोक झाला, असं कुणी समजू नये. त्याची जागा बाहेर, मोकळ्या बाल्कनीत. पाणी पाइपातून आत आणता येतं.

भोक पाडल्याबद्दल सेक्रेटरींची नोटीस आली आहे. इमारतीचं रूप बिघडलं म्हणतात. मी उत्तरात डक्टवरचा पत्रा काढावा आणि त्या दोन घरांतले गीझर बाहेर घ्यावेत, असं लिहून दिलं. पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. विषयपत्रिकेत रंगकाम तिसऱ्या क्रमांकावर आहे, पार्किंग चौथ्या. माझं पत्र 'आयत्या वेळच्या विषयां'त घेतलंय, चहाच्या नंतर. त्यातल्या एका घरी सात वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईला मी काल संध्याकाळीच भेटून आलो.