सोन्याची तस्करी आणि शुल्काचे गणित

तस्कर पकडल्याच्या बातमीत सोन्याचे वजन असते, किंमत असते, ते कोठे लपविले होते याचे रसभरित वर्णनही असते. हा धोका पत्करून त्या इसमास किती मिळणार होते, एवढेच तीत नसते. गुन्ह्याकडे केवळ नीतीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय अंगवळणी पडल्यामुळे आपणही ते विचारीत नाही. तस्कराच्या दृष्टीने मात्र तोच पहिला प्रश्न असतो.

किलोभर सोन्याची परदेशातील किंमत पन्नास लाख रुपये धरली, तर १५ टक्के आयात शुल्क असताना रीतसर आयात करणाऱ्यास साडेसात लाख जादा मोजावे लागतात. शुल्क ६ टक्के असेल तर तीन लाख. वाहकाची मजुरी, दलाली, पकडल्या गेलेल्या मालाची हानी आणि वर नफा, हे सारे तस्कर याच फरकातून भागवितो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये शुल्क १५ टक्क्यांवर नेले व जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आणले. म्हणजे या चोरट्या धंद्याच्या नफ्याची मर्यादा दोन्ही वेळा दिल्लीतच ठरली!

याचा सर्वात कडू धडा आपण पूर्वीच घेतलेला आहे. चिनी आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परकीय चलन वाचावे हा हेतू निःसंशय प्रामाणिक होता. परंतु लग्नसराई कोणत्याही नियमाने थांबत नाही. कायदा पाळणारा सोनार देशोधडीस लागला आणि मागणी पुरविण्याचे काम आखातातून येऊन रात्री पश्चिम किनाऱ्यावर माल उतरविणाऱ्या गलबतांकडे गेले. १९६८ मध्ये नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, १९७४ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धतेचा 'कोफेपोसा' आला. तरी धंदा चालूच राहिला. अखेर १९९० मध्ये, कोकणचेच खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. (गंमत अशी की, गुन्हेगारही लाभ आणि शिक्षेचा संभव तोलून पाहतो, हे मांडणारा गॅरी बेकर यांचा प्रसिद्ध निबंध १९६८ चाच.)

मग शुल्क उतरविले की प्रश्न सुटला काय? माझे अनेक व्यवसायबंधू तसे मानतात. मला ते पटत नाही. एक तर स्वस्त सोने म्हणजे वाढती आयात, आणि तिचा भार परकीय चलनावर पडतो. २०१३ मध्ये शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर न्यावे लागले ते याच चिंतेने. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. चोरट्या व्यापाराने पाडलेली वाट मालाची जात पाहत नाही. १९९३ च्या आरंभी रायगडच्या दिघी, शेखाडी किनाऱ्यांवर शस्त्रे व आरडीएक्स उतरले ते अशाच रुळलेल्या वाटेने. १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे मेली आणि पुढे दोषी ठरलेल्यांत कस्टम्स व पोलीस खात्यांतील माणसेही होती. चांदी-सोन्याकडे डोळेझाक करण्यासाठी जे हात ओले होतात, त्यांना पुढल्या खेपेस पेटीत काय आहे हे विचारण्याची सोय उरत नाही.

म्हणून शुल्क माफक असावेच, परंतु तपासाचा रोख विमानतळावरील वाहकावरून भांडवल पुरविणाऱ्याकडे व फितूर अधिकाऱ्याकडे वळला पाहिजे. पकडलेल्या वाहकाची जागा चार दिवसांत दुसरा बेकार तरुण घेतो. भांडवलदाराची जागा इतक्या सहज भरत नाही. आणि या साखळीचे दुसरे टोक सराफाच्या पेढीवर आहे. तेथे पावती नको म्हटले की ३ टक्के वस्तू व सेवा कर वाचतो, म्हणून ती नको म्हणणारे गिऱ्हाईक बहुधा तुमच्या-आमच्यासारखे पगारदारच असते.