रानाच्या वेशीवरचा फेरफटका

बोरिवली, मुलुंड किंवा ठाण्याच्या येऊर परिसरात ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांना खिडकीतून दिसणारी हिरवी डोंगररांग परिचयाची असेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये ज्वालामुखींचे जे प्रचंड उद्रेक झाले, त्यांच्याशी या डोंगरांचे नाते आहे. कान्हेरीची लेणी याच ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेली आहेत. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला इमारती अगदी भिडल्या आहेत. अशा शेजारात राहणाऱ्या ज्येष्ठांनी काही पथ्ये पाळणे हिताचे.

वय वाढले की झोप लवकर उघडते आणि पावले पहाटेच्या अंधारात फिरायला निघतात. बिबट्याचा वावरही प्रामुख्याने सायंकाळपासून पहाटेपर्यंतच असतो. म्हणून चांगले उजाडल्यावर आणि सोबतीनेच बाहेर पडावे. रानालगतच्या निर्मनुष्य जागी खाली बसून व्यायाम करू नये. बसलेली वा वाकलेली व्यक्ती त्याला लहान भक्ष्यासारखी भासू शकते. तो दिसलाच, तर पळू नये, पाठ फिरवू नये. ताठ उभे राहून सावकाश मागे सरकावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

इमारतीभोवती कचरा साचू देऊ नका. उष्ट्याखरकट्यासाठी भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

पावसाळ्यात शेवाळलेला कातळ फार निसरडा होतो. ठिसूळ हाडांना एक घसरण महागात पडते. तेव्हा पकड असलेले बंद बूट आणि काठी हवीच. तिन्हीसांजेनंतर अंगणात जायचे झाल्यास विजेरी घ्यावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू अथवा चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे.

घरातील मंडळींना एक विनंती. काळजीपोटी आई-वडिलांचे फिरणेच बंद करू नका. चालणे थांबले की स्नायू दुबळे होतात, तोल जाऊ लागतो, मन एकाकी होते. घरात कोंडलेल्या वृद्धाला बिबट्यापेक्षा हा धोका कितीतरी जवळचा आहे. त्यांच्या फिरण्याची वेळ बदला, वाट बदला, आठवड्यातून दोन दिवस तरी स्वतः बरोबर चला.