शॉन नावाचं मेंढरू आणि मी

परवा धाकट्या जाऊबाई दुपारच्या चहाला आल्या. मी टीव्हीसमोर एकटीच बसून खुदुखुदु हसत होते. पडद्यावर मेंढरांचा कळप दोन पायांवर उभा राहून कोबीच्या गड्ड्याने फुटबॉल खेळत होता. जाऊबाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ताई, नातू आलाय की काय?"

"नाही हो, मीच बघतेय."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पण चहा पिताना दोनदा "बीपीची गोळी वेळेवर घेता ना?" असं विचारून गेल्या.

म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. नातेवाईक मंडळी वाचतातच, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. होय, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पस्तीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेली बाई, वयाच्या पंचाहत्तरीत 'शॉन द शीप' नावाचं कार्टून बघते. आवडीने बघते. आणि यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शॉन हे काळ्या तोंडाचं, पांढऱ्या लोकरीचं एक मेंढरू. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात आर्डमन नावाची मंडळी मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करतात, त्यांचं हे लेकरू. मूळचा हा शॉन निक पार्क यांच्या 'अ क्लोज शेव्ह' या 1995 सालच्या अर्ध्या तासाच्या चित्रपटातला. वॉलेस नावाचा एक वेंधळा संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा शहाणा कुत्रा, हे त्या चित्रपटाचे नायक. आमचा शॉन त्यात चुकून घरात शिरलेला पाहुणा. वॉलेसच्या यंत्रात सापडून त्याची लोकर कातरली जाते, आणि त्याच लोकरीचा स्वेटर विणून निघतो तो त्यालाच घालावा लागतो! त्याच्या नावातही गंमत आहे. इंग्रजीत कातरलेल्याला 'शॉर्न' म्हणतात आणि इंग्रज माणूस ते 'शॉन'सारखंच उच्चारतो. शेवटी संकटात हाच चिमुकला कामी येतो. त्या चित्रपटाला ऑस्करही मिळालं.

मग बारा वर्षांनी, 2007 मध्ये, बीबीसीवर त्याच्या एकट्याच्या नावाने मालिका सुरू झाली. सात-सात मिनिटांचे भाग. मला यातलं सगळ्यात काय भावलं असेल तर हेच. स्नेहसंमेलनाच्या नाटकात आम्ही शेवटच्या बाकावरच्या एखाद्या पोराला "तू झाड हो" म्हणून उभं करायचो. त्या झाडाने पुढे मोठं होऊन स्वतःची नाटक कंपनी काढावी, तसं हे झालं. शिक्षकाला अशी गोष्ट आवडणारच. आपल्या हातून किती झाडं नुसती उभीच राहिली, हे आठवून जरा टोचतंही.

असो. आता खरं सांगायचं ते सांगते.

माझी लेक जर्मनीत, कोलोनला असते. 2023 च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. व्हिसा नव्वद दिवसांचा. नातू तेव्हा पाच वर्षांचा. घरात मराठी कमी, इंग्रजी बरीच आणि बाहेर सगळी जर्मन. मी निघतानाच मनाशी ठरवलं होतं की नव्वद दिवसांत याला मुळाक्षरं गिरवून घ्यायची. बॅगेत अंकलिपी, चित्रांची पुस्तकं, पाटीसुद्धा नेली होती. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा लाडू काढले, पण पाटी काढली नाही!

पहिले पंधरा दिवस काय झालं ते लिहायला थोडं जड जातं. सकाळी उठला की मी "हे काय आहे? सांग बरं" म्हणून सुरू. दुधाचा कप दिसला की "हे काय?", चमचा दिसला की "हे काय?" आधी तो उत्तर द्यायचा. मग खांदे उडवू लागला. मग मी खोलीत आले की आपली गाडी उचलून दुसऱ्या खोलीत जाऊ लागला. एकदा तो आईला जर्मनमध्ये काहीतरी बोलला आणि लेकीने माझ्याकडे बघणं टाळलं. मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "आई, तो म्हणतोय, आजी घरी कधी जाणार? ती सारखी परीक्षा घेते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पस्तीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली. आणि रक्ताचं एक मूल मी दोन आठवड्यांत घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. लेकीची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिने नातवाला टीव्ही लावून दिला आणि मी लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसले. शॉन लागला होता. मेंढरांना आंघोळ घालायची असते. पाणी थंडगार. मग शॉन शक्कल लढवून धन्याच्या न्हाणीघरातलंच गरम पाणी पळवतो. मला हसू आलं. त्याच क्षणी नातूही हसला. त्याने मागे वळून पाहिलं. आपण हसलो तिथेच आजी कशी हसली, याचं त्याला नवल वाटलं असावं. पुढच्या भागाला तो सरकून बसला. सोफ्यावर एका आजीपुरती जागा झाली होती...

या मालिकेत कोणीही बोलत नाही. मेंढरं 'बें' करतात, कुत्रा गुरगुरतो. धनी पुटपुटतो, पण ती पुटपुट इंग्रज माणसालाही कळत नाही! म्हणजे बघा, मला इंग्रजी वाचता येतं पण ऐकलेलं पटकन समजत नाही, जर्मन तर शून्य. नातवाला मराठी तोडकीमोडकी. दुसरं कुठलंही कार्टून लावलं असतं तर त्याला कळलं असतं आणि मी बाजूला बावळटासारखी बसले असते. इथे आम्ही दोघं एकाच बाकावर होतो. तिथे गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्यात कोणी शिक्षक नव्हतं, कोणी विद्यार्थी नव्हतं.

आणि मंडळी, त्या मालिकेतला बिट्झर नावाचा कुत्रा तर साक्षात मी! डोक्यावर निळी टोपी, मनगटावर घड्याळ, हातात हजेरीचा तक्ता, तोंडात शिट्टी. मेंढरांना शिस्तीत ठेवायची जबाबदारी याची. धनी म्हणजे आपले साहेब, चष्मा लावूनही काही न दिसणारे. कळपात काय उद्योग चाललेत ते बिट्झरला सगळं ठाऊक असतं. रागावतो, शिट्ट्या फुंकतो, पण साहेब दारात दिसले की हाच धावत जाऊन सगळा पसारा आवरतो. तपासणीच्या दिवशी वर्गातले प्रताप साहेबांच्या नजरेआड करताना माझी हीच धावपळ व्हायची. ज्याने कधी वर्ग सांभाळला आहे त्याला बिट्झर बघून हसू येईल आणि गळाही दाटून येईल.

शॉनबद्दल आणखी एक. आमच्या सातारा-सांगलीकडे धनगरांची मेंढरं शेतात खतासाठी बसवत. लहानपणापासून मी खरी मेंढरं पाहिली आहेत. एक गेलं की सगळी त्याच्यामागे. "मेंढरासारखं एकामागोमाग जाऊ नका, स्वतःचं डोकं चालवा," असं आम्ही वर्गात सांगायचो. आणि कोणी खरंच डोकं चालवलं की त्याला वर्गाबाहेर उभं करायचो! शॉन हे डोकं चालवणारं मेंढरू. त्याचे उद्योग बहुतेक वेळा अंगाशी येतात. मग ते निस्तरायलाही तोच पुढे असतो. याहून वेगळं मूल्यशिक्षण काय असतं ते मला माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही भाषेच्या शिक्षिका आणि बिनशब्दांच्या कार्टूनची तरफदारी करता? मुलांची भाषा कशी वाढायची?

माझं उत्तर असं. मराठीच्या पेपरात 'चित्र पाहून गोष्ट लिहा' असा प्रश्न असायचा. जी मुलं निबंधात चार ओळींवर अडायची, ती चित्रावर पानभर लिहायची. का? कारण चित्र गप्प असतं. त्याची बाजू आपल्यालाच मांडावी लागते. बडबडं कार्टून लागलं की मूल गप्प होतं, तोंड उघडं ठेवून नुसतं बघत राहतं. शॉन गप्प असतो म्हणून मूल बोलतं. नातू मला सांगू लागला, आता तो शिडी घेणार, आता डुकरं येणार. आधी बोटाने, मग जर्मनमध्ये, मग हळूहळू मध्येच एखादा मराठी शब्द. मी काही विचारत नव्हते. मी फक्त मोठ्याने म्हणायची, "अरे लबाडा!" तिसऱ्या दिवशी शॉनने काही केलं की तोच ओरडायचा, "लबाडा!" अंकलिपीत 'ल' लसणाचा होता, आमचा 'ल' लबाडाचा झाला. बदल्यात मी 'शाफ' म्हणजे मेंढी हा जर्मन शब्द शिकले. माझा उच्चार ऐकून तो गडाबडा लोळला. परीक्षा घ्यायची पाळी आता त्याची होती, आणि ती त्याने मनसोक्त घेतली.

जर्मनीतही शॉन फार लाडका आहे. कोलोनच्याच डब्ल्यूडीआर या वाहिनीचा या मालिकेच्या निर्मितीत वाटा आहे. तिथे 1971 पासून दर रविवारी मुलांसाठी एक 'उंदराचा कार्यक्रम' लागतो, त्यातही शॉन असतो. त्या कार्यक्रमाची मला फार आवडलेली रीत सांगते. सुरुवातीला आज काय काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात आणि मग तेच एखाद्या परक्या भाषेत. नंतर ती भाषा कोणती होती ते सांगतात. दर रविवारी मी कान टवकारून बसायची. मी होते तोवर मराठी काही आली नाही. पण कोणत्याही मुलाच्या घरची भाषा रविवार सकाळी टीव्हीवर येऊ शकते, ही कल्पनाच किती मोठ्या मनाची!

आणि ही मालिका कशी करतात ते वाचल्यावर तर माझा आदर वाढलाच. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायची. टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चौकटी सरकतात. दिवसभर राबून एका माणसाच्या हाती लागतात ती जेमतेम काही सेकंदांची दृश्यं. मी पंधरा दिवसांत मूल घडवायला निघाले होते!

एकदा नातू म्हणाला, शॉन चंद्राकडे जाऊन आला. मी म्हटलं, थापा मारू नकोस. लेकीने शोधून दाखवलं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये निघालेलं आर्टेमिस-1 हे यान चंद्राला वळसा घालून आलं, त्यात शॉनची बाहुली खरंच होती! युरोपच्या अवकाश संस्थेने पाठवली होती. मी कान पकडले. "आजी, लबाडा!" असं ऐकून घ्यावं लागलं.

लेक मात्र तेवढ्यात हिशेब चुकता करायला विसरली नाही. ती लहान असताना दूरदर्शनवर 'टेलस्पिन' लागायचं. तेही चित्रपटातूनच निघालेलं, 'जंगल बुक'मधला भालू त्यात विमान चालवायचा. तो सुरू झाला की मी "पुस्तक घे" म्हणून टीव्ही बंद करायची. "आई, माझ्या शेजारी तू एकदाही बसली नाहीस," ती म्हणाली. हसतच म्हणाली. पण मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

म्हणून माझ्यासारख्या, मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांना एवढंच सांगते. बॅगेत अंकलिपी जरूर न्या. भाषा महत्त्वाची नाही असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण आधी त्यांच्या शेजारी बसा, ते हसतात त्यावर हसून बघा. जिथे नातं नाही तिथे मूल भाषा घेऊन करणार काय?

नातवाला मराठी आली का? फारशी नाही. रविवारी फोनवर दिसतो, एखाद्या भागाची गोष्ट सांगतो. चार शब्द मराठी, बाकी हातवारे. पाटी मी तिथेच ठेवून आले होते. मागच्या आठवड्यात त्याने ती फोनसमोर धरली. त्यावर अक्षर एकही नव्हतं. खडूने काढलेली दोन मेंढरं होती, एकाने चष्मा घातला होता.

चष्मेवालं कोण ते मी विचारलं नाही.