आधी झाकण उघडा, मग पाकीट

लॅपटॉप रखडायला लागला की घरोघरी एकच उपाय निघतो: ‘रॅम वाढवून घे.’ मग कुणी ऑनलाइन मागवतं, कुणी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारून येतं. आठची सोळा जीबी होते आणि मशीन सुरू व्हायला तरीही तेवढाच वेळ घेतं. अशा वेळी दोष वस्तूचा क्वचितच असतो. दुखणं कुठे आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते पाहायला दुकानात जावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. रोजचं काम चालू असताना मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटलेला दिसला, तर रॅम घ्यायला धावू नका. आपल्याकडे कितीतरी वर्षं मध्यम किमतीचे लॅपटॉप एक टीबीच्या, मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कसह विकले गेले. बारीक बारीक फाइल्स गोळा करत तिचा हेड तबकडीवर इकडून तिकडे पळत राहतो आणि बाकीचं सगळं मशीन त्याच्यासाठी खोळंबतं. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तरी तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. हार्ड डिस्कवाल्या मशीनमध्ये पहिला रुपया एसएसडीवर आणि उरला तर रॅमवर, हे माझं ठाम मत आहे.

एसएसडीत फसगत होते ती आकारामुळे. अडीच इंची डिस्क बदलायची असेल तर जाडी बघा. पातळ लॅपटॉपमध्ये सात मिलिमीटरचीच बसते. एम.२ स्लॉट असेल तर आणखी जपून. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, पण काही मशीनमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा ठेवलेली असते. शिवाय त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. फक्त साटा ओळखणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई कधी कधी छान बसते, पण मशीनला ती दिसत नाही. तिला दाबून धरणारा इवलासा स्क्रू रिकाम्या स्लॉटबरोबर असेलच असंही नाही, तो दुकानदाराकडून आठवणीनं मागून घ्या. आणि जुनी डिस्क काढण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर स्वतःचेच फोटो कुलुपात अडकतील.

रॅमचं गणित पिढीपासून सुरू होतं. लॅपटॉपच्या डीडीआर ३ स्टिकला २०४ पिना, डीडीआर ४ ला २६०, डीडीआर ५ ला २६२, आणि खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी. त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही; जोर लावू नका. खरा घोळ डीडीआर ३ मध्ये आहे. तिथे १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टची ‘एल’वाली या दोघींची खाच एकच. २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना ‘एल’च लागते. वेगाची मात्र फार काळजी नको: ३२०० ची स्टिक २६६६ च्या शेजारी लावली, तर दोन्ही सहसा २६६६ नं चालतात. डीडीआर ५ बसवल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहिला तर घाबरू नका, मशीन नवी मेमरी तपासत असतं.

मशीन जुनं असेल, तर खर्चाआधी विंडोजचंही बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, ती अट रॅम वाढवून पुरी होत नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल, तर जुन्या मशीनवर जरूर खर्च करा. त्यात २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीनं रॅमचे भाव भडकले, म्हणजे चुकीची खरेदी आता जास्तच महाग पडते.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘सोडिम’ दिसलं तर स्टिक बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं, तर मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. सोल्डर केलेल्या मेमरीबरोबर कधी एक स्लॉटही दिलेला असतो, म्हणून शेवटचा शब्द कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. पण गिऱ्हाईकाला हे कळतं कधी? पैसे मोजल्यानंतर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं; मला मात्र ही माहिती खोक्यावर हवी आहे. तिथे एमआरपी छापणं सक्तीचं आहे, तशाच आणखी दोन ओळी सक्तीच्या करा: रॅमचे स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती, डिस्कची जागा कोणत्या मापाची. तसा नियम होईपर्यंत हे दोन प्रश्न काउंटरवर विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.