बिल्ला एक बोलतो, लोखंड दुसरे

विजापूर वेशीतल्या ज्या सायकल मिस्त्रींकडे माझे लहानपणापासून जाणे-येणे आहे, त्यांच्या दुकानासमोर पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या मोटारी उभ्या राहत. उतरणारा माणूस पंक्चर काढायला आलेला नसे. त्याला जुनी रॅले हवी असे, दुहेरी चिमट्याची हंबर हवी असे, नाहीतर एखादे हब, चामड्याची सीट, पितळेची घंटी तरी हवी असे. आता त्या मोटारी येत नाहीत. मिस्त्रींच्या माळ्याला चार सांगाडे टांगलेले आहेत, त्यांची विचारपूस नाही. "शौक उतर गया लोगां का," असे मिस्त्री म्हणतात आणि पुन्हा हातातल्या चाकाचा आऊट काढू लागतात.

मी चाटी गल्लीत चादरी आणि टॉवेल विकणारा माणूस. सायकलीवर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारेल. पण या शौकात मी स्वतःचे पैसे घातले आहेत, काही बुडवलेही आहेत, आणि शौक का उतरला याचे मिस्त्रींनी दिलेले उत्तर मला पटत नाही.

आधी हा शौक म्हणजे काय ते सांगतो. आपले सोलापूर गिरण्यांचे गाव. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जात असे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आणि त्याचा शेवटचा भाग आम्हीही पाहिला. त्या सायकलींत जुन्या विलायती होत्या, नॉटिंगहॅमची रॅले, तीन बंदुकांच्या खुणेची बीएसए. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. एकदा घेतलेली सायकल बाप चालवी आणि मग मुलगा चालवी. पुढे मोपेड आली, मोटारसायकल आली आणि लाखमोलाचे लोखंड किलोच्या भावाने भंगारात गेले.

भंगारातून ते उचलणारे लोक नंतर निघाले. पुण्याचे विक्रम पेंडसे यांनी वर्षानुवर्षे सायकली जमवून २०१७ मध्ये कर्वेनगरला त्यांचे संग्रहालयच उघडले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए म्हणजे काय चीज होती, हे लोकांना अशा संग्राहकांमुळे कळले. जून २०२० मध्ये ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, लॉकडाऊनमध्ये सगळेच घरी बसले होते, तेव्हा ज्याला-त्याला वडिलांची सायकल आठवली. भाव चढले. हे भाव देणारे लोक शौकीन होते, पण सायकल खोलणारे, कॉटर ठोकून काढणारे, छर्रे बदलणारे, निकेल चढवणारे, मडगार्डवर ब्रशने सोनेरी रेघ ओढणारे हात आपल्या सोलापुरात तरी बहुतेक आपल्या बंधूंचे होते. त्यांचा शौक ही आपली रोजी होती, म्हणून त्याच्या उतरणीचा विचार आपण करायला हवा.

ही उतरण केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन भागात १९७० नंतरच्या दशकात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्यांनी जी शर्यत सुरू केली तिचे नाव 'रीपॅक', कारण उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब पुन्हा भरावे लागे. त्यातून माउंटन बाईक जन्माला आली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर बाजारात आली, १९९६ मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोहोचला. त्या पहिल्या पिढीच्या सायकली जमवण्याची हौस तिकडे निर्माण झाली आणि आता तिथेही ओहोटीची तक्रार आहे. २६ इंची चाक मागे पडून २९ इंची आले, डिस्क ब्रेक आले, आणि जुन्याच्या नादाला लागणारे तरुण कमी झाले. तरी तिकडच्या गिऱ्हाइकाला एक सोय आहे. सांगाड्यावर नंबर असतो, कंपन्यांची जुनी सूचिपत्रे लोकांनी जपून ठेवली आहेत, माल खरा की जोडलेला हे ताडून पाहता येते. आपल्याकडे गिऱ्हाईक फक्त विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते.

आता माझी हकिकत. एका मोठ्या शहरातील एका विक्रेत्याकडून मी '१९५४ ची विलायती रॅले' १८,००० रुपयांना घेतली. काळीभोर, चकचकीत, कपाळावर बगळ्याचा बिल्ला, मागे तीन गिअरचे स्टर्मी-आर्चर हब. मोठ्या ऐटीत ती मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, हॅंडलखालच्या नळीवर अंगठा फिरवला आणि मला जवळ बोलावले. बिल्ल्याच्या दोन भोकांशेजारी बुजवलेली आणखी दोन भोके होती. मग त्यांनी पायडलचा अक्ष काढला आणि पेटीतला साधा बाजारी बीबी कप त्या सांगाड्यात हाताने फिरवून सहज बसवला. रॅलेचे आटे वेगळे, इंचाला २६, बाकीच्यांचे २४. बाजारी कप तिथे असा बसत नाही. हब मात्र खरे होते, त्यावर वर्षाचे ५४ हे आकडेही ठोकलेले होते. हबाच्या एका खऱ्या तुकड्यावर सगळी सायकल खपवली होती. मिस्त्री म्हणाले, "सेठ, बिल्ला कुच बोलता, लोहा कुच बोलता."

हे करणे सोपे आहे, कारण आपली देशी सायकल मुळात इंग्रजी सायकलीच्याच मापावर बेतलेली आहे. २८ इंची चाक, तोच मडगार्ड, तसाच चिमटा. याचे त्याला बसते. त्यात सेन-रॅलेने आसनसोललाच रॅले बनवल्या, त्याही चांगल्या होत्या, पण 'मेड इन इंडिया' ही अक्षरे खरवडली की भाव तिप्पट होतो, हा मोह कोणाला आवरला नाही. माझ्यासारखे दोन-चार लोक फसले, त्यांनी आणखी दहा जणांना सांगितले. फ्लॅटमध्ये जागा नाही, तरुणांना गिअरच्या नव्या सायकली हव्यात, पैसेवाले बुलेट आणि जावाकडे वळले, ही कारणे खरी आहेतच. परंतु जागा नसलेला माणूसही एक सायकल भिंतीला टांगतो. फसलेला माणूस टांगत नाही.

आम्हा चादरवाल्यांना हे नवे नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरगावचा माल 'अस्सल सोलापुरी' म्हणून उघड विकला जातो. दोन धुण्यांत तिचा रंग गेला की गिऱ्हाईक त्या विक्रेत्याला दोष देत नाही, "सोलापुरीत आता राम राहिला नाही" म्हणते. नुकसान अक्कलकोट रोडवर माग चालवणाऱ्याचे होते. सायकलीतही तेच झाले. बिल्ला ठोकणारा नफा घेऊन गेला आणि सांगाडे आमच्या मिस्त्रींच्या माळ्यावर राहिले.

आपले कारागीरही यात पूर्ण निर्दोष नाहीत, हे मला जड मनाने लिहावे लागते. बिल्ला बसवणारा हात कोणाचा होता? "पार्टीने सांगितले, मी केले," हे उत्तर मी ऐकले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते, आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्या व्यापाऱ्याला विचारतात, ही हदीस आपण शुक्रवारच्या खुत्ब्यात कितीदा ऐकली असेल. व्यापारी पावसाचे कारण सांगतो. कारण खरेच होते, पण ते पुरेसे ठरले नाही. दुसऱ्या बाजूने मजुरीचा हिशेबही पाहा. एका सायकलीवर आमच्या ओळखीच्या एका कारागिराने तीन आठवडे काम केले, त्याला १,५०० रुपये मिळाले, ती गेली २५,००० ला. ज्याच्या नावाला काही किंमत नाही, त्याने आपले नाव सांभाळावे तरी कशासाठी, असे तो मनात म्हणत असेल तर त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून माझी सूचना अशी आहे की, जुनी सायकल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक कारागिराने आपल्या नावाची चिठ्ठी द्यावी. सांगाडा कोणत्या कंपनीचा, कळत नसेल तर 'कळत नाही' असे लिहावे. हब, चिमटा, हॅंडल, सीट यांतले मूळचे काय आणि मी घातले काय. रंग जुना की नवा. जुना रंग असेल तर, बंधूंनो, त्याला हातच लावू नका. आजीचे जुने लुगडे आपण नव्याने रंगवून विकत नाही, पण पन्नास वर्षे टिकलेला रंग खरवडून पावडर कोटिंग करतो आणि वर मेहनतीचे पैसे मागतो. खऱ्या शौकिनाच्या लेखी तिथे सायकलीची निम्मी किंमत गेली. आणि चिठ्ठीचे वेगळे पैसे घ्यावेत, संकोच न करता. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो, तसे मिस्त्रीच्या अंगठ्याचेही मोल आहे.

मिस्त्रींपुढे हे मांडले तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठी दिए तो भाव टूटता." तुटेल, मी नाही म्हणत नाही. आमच्या दुकानात डागी टॉवेलच्या गठ्ठ्यावर मी 'सेकंड' असे मोठ्या अक्षरांत लिहू लागलो तेव्हा पहिल्या वर्षी माझेही नुकसान झाले. शेजाऱ्याने वेड्यात काढले. पुढे लॉजवाले आणि सलूनवाले न मोजता, न उलगडता गठ्ठे उचलू लागले, कारण वर काय लिहिले आहे तेच आत असते हे त्यांना कळले. सायकलीत तसे होईल याची हमी मी देऊ शकत नाही. सायकल ही गरजेची वस्तू राहिलेली नाही, टॉवेल आहे.

घाई करायला मात्र एक कारण आहे. माणूस लहानपणी जी सायकल मिळाली नाही ती पन्नाशीत शोधतो. रॅलेची आठवण असलेली पिढी आता थकली. १९९० नंतर हिरो रेंजर आणि हर्क्युलस एमटीबी आल्या, त्या आपल्या गरीब घरच्या माउंटन बाईक होत्या. वजनाला भारी, ब्रेक यथातथा, डोंगराचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. पण सरळ हॅंडल आणि जाड टायरची रेंजर शेजारच्या पोराकडे आली की गल्लीतली बाकीची पोरे घरी रुसून बसत. ती पोरे आता चाळीस-पंचेचाळीसची झाली आहेत, त्यांच्या हाती पैसा आहे. आणि रेंजर आज किलोवर भंगारात चालली आहे. त्यांतल्या धड असलेल्या चार-दोन बाजूला काढून ठेवायला फारसे भांडवल लागत नाही. त्यांना खोटी स्टिकरे लावायची नाहीत, एवढे मात्र आधीच ठरवायला हवे.

मिस्त्रींनी अखेर माळ्यावरचा एक सांगाडा उतरवून पुरा केला. चिठ्ठी त्यांनी उर्दूत सांगितली, त्यांना तीच लिपी येते; पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाचता यावी म्हणून मी ती मराठीत उतरवली. 'सांगाडा सेन-रॅले, आसनसोल. चिमटा दुसऱ्या सायकलीचा. हब मूळचे. मागचे मडगार्ड नवे. रंग जुना, पोचे तसेच ठेवले आहेत.' खाली त्यांनी अंगठा न देता उर्दूत सही केली. सायकल दुकानासमोर उभी आहे. दोघे जण पाहून गेले, दोघांनीही चिठ्ठी दोनदा वाचली, आणि त्यांतला एक पुन्हा येतो म्हणाला आहे.