‘पोरांनी अभ्यास करावा’ म्हणे!

दक्षिण कोरियाचे गोडवे गाण्याची आपल्याकडच्या दिवाणखान्यांत हल्ली एक साथच आली आहे. घरात कोरियाचे धुलाईयंत्र, हातात कोरियाचा फोन, मुलींच्या तोंडी कोरियाची गाणी; तेव्हा गोडवे गायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गोडव्यांच्या शेवटी हमखास येणाऱ्या तात्पर्याला. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन एखादे सुखवस्तू गृहस्थ चकली मोडता मोडता सांगतात, “अहो, एके काळी आपल्याइतकेच गरीब होते ते. कामगारांनी मान खाली घालून १४-१४ तास काम केले, पोरांनी निमूट अभ्यास केला, आणि देश कुठल्या कुठे गेला! आमच्याकडे मात्र जो उठतो तो मोर्चा काढतो.”

१४ तास काम झाले, हे खरे. मान खाली घालून झाले, हेही खरे. कारण ज्या माळ्यांवर ते झाले तिथे मान वर करायला जागाच नव्हती. सेऊल शहरात ‘शांतिबाजार’ अशा अर्थाच्या नावाची एक कपड्यांची पेठ होती. तिथे एकेका मजल्याचे आडवे दोन भाग करून शिवणकामाचे कारखाने थाटलेले होते. कापडाची धूळ नाकातोंडात, दिवसाचा उजेड नाही, आणि यंत्रांपाशी राबणाऱ्या मुली कित्येकदा १३-१४ वर्षांच्या. महिन्याकाठी सुट्ट्या दोन. आमच्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली मिळवून दिलेला रविवार सेऊलच्या या मुली पुढे ८० वर्षांनी मागत होत्या.

तिथे जन ते-इल नावाचा एक तरुण कापड बेतण्याचे काम करी. स्वतःच्या बसभाड्याचे पैसे मोडून तो त्या उपाशी मुलींना खायला घेऊन द्यायचा आणि रात्री पायी घरी जायचा. एके दिवशी त्याला कळले, की कामगारांसाठी देशात एक कायदाच आहे. १९५३ पासून आहे! दिवसाचे तास आठ, आठवड्याला सुट्टी, सगळे त्यात लिहून ठेवलेले. त्याने ते पुस्तक मिळवले. पण कायद्याची भाषा चिनी लिपीच्या अवघड अक्षरांनी भरलेली, आणि याचे शिक्षण गरिबीने अर्ध्यावर तुटलेले. रात्र रात्र तो त्या अक्षरांशी झुंजला. आपल्याला एखादा कॉलेजातला मित्र असता तर, असे तो त्या दिवसांत म्हणे. त्याने अर्जविनंत्या केल्या, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पाहण्या करून आकडे गोळा केले. अखेर १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्या बाजारातच त्याने अंगावर इंधन ओतून स्वतःला पेटवून घेतले. कायदा पाळा, आम्ही यंत्रे नाही, असे तो ओरडत होता. वय २२.

आता मला या गृहस्थांना विचारायचे आहे, की त्या वेळी सेऊलच्या विद्यापीठातल्या पोरांनी काय करायला हवे होते? दार लावून परीक्षेची तयारी? चो यंग-रे नावाचा एक विद्यार्थी त्या वेळी कायद्याचाच अभ्यास करीत होता. ते-इलला जो मित्र हवा होता तो हाच. भेट झाली ती मरणानंतर. पुढे लष्करशाहीच्या पोलिसांना चुकवीत लपून राहिलेल्या दिवसांत चो याने ते-इलचे चरित्र लिहिले. १९८३ साली ते छापले गेले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव घालण्याची सोय नव्हती.

त्यापुढे जे घडले त्याला जगाच्या विद्यार्थी चळवळींत तोड थोडीच सापडेल. पॅरिसच्या १९६८ च्या मे महिन्याचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. पण तिथले विद्यार्थी मिरवणूक घेऊन मोटारींच्या कारखान्यापाशी गेले तेव्हा दारे बंद होती. कोरियाची पोरे मिरवणुकीने गेलीच नाहीत. १९८० च्या सुमारास ग्वांगजू शहरात लष्कराने माणसे मारल्यानंतर हजारो मुलामुलींनी विद्यापीठ सोडले, खोट्या नावाचे कागद केले आणि कारखान्यांत कामगार म्हणून उभी राहिली. क्वोन इन-सुक ही त्यांतलीच एक. १९८६ साली ती पकडली गेली, आणि पोलीस ठाण्यात एका अधिकाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला. तिने तोंड दाबून न घेता फिर्याद केली. सरकारी वकिलांनी उलट तिच्यावरच बदनामीचे आरोप केले, खोट्या कागदांबद्दल शिक्षाही तिलाच झाली. तिच्या वकिलांत तोच चो यंग-रे होता. त्या अधिकाऱ्याला तुरुंग दिसायला बराच काळ जावा लागला.

आणि गंमत पाहा. ‘पोरांनी अभ्यास करावा’ हा सुविचार लष्करशहा चुन डू ह्वान यांनाही फार प्रिय होता. इतका, की १९८० च्या अखेरीस त्यांनी त्याचा कायदाच केला: कामगारांच्या तंट्यात ‘तिऱ्हाइताने’ पडणे हा गुन्हा! आमच्या गृहस्थांचे मत एका हुकूमशहाच्या कायद्याशी शब्दशः जुळावे, हा योग त्यांना कसा वाटतो कोण जाणे.

१९८७ च्या जानेवारीत पार्क जोंग चुल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मेला. मेजावर हात आपटताच तो घाबरून पडला, असा खुलासा पोलिसांनी केला, आणि तो पचला नाही. जूनमध्ये अश्रुधुराचे नळकांडे डोक्यात बसून दुसरा विद्यार्थी कोसळला. मग नोकरदार, दुकानदार, धर्मोपदेशक, सारेच रस्त्यावर आले, आणि २९ जूनला सत्ताधाऱ्यांना थेट निवडणूक कबूल करावी लागली. त्यानंतरच्या तीन महिन्यांत तीन हजारांहून अधिक संप झाले.

पोरांनी सगळे शहाणपणानेच केले असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या एका मोठ्या गटाला उत्तर कोरियाच्या राजवटीची भुरळ पडली. घरचा हुकूमशहा ज्यांनी ओळखला त्यांना शेजारचा ओळखता आला नाही. १९८९ च्या मे महिन्यात बुसानच्या एका विद्यापीठात पोलीस आणि विद्यार्थी यांच्या झटापटीत लागलेल्या आगीत सात पोलीस मेले. त्यांनाही आया होत्याच. आणि पुढाऱ्यांनी तर कमालच केली. १९८७ च्या डिसेंबरमध्ये विरोधी पक्षांचे दोन किम एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि लष्करशहाचा सोबती आयता निवडून आला.

पण गृहस्थांचा खरा मुद्दा देशाच्या भरभराटीचा. एवढ्या संपांनी देश बुडायला हवा होता, नाही का? १९८८ साली तिथले राष्ट्रीय उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक वाढले. त्याच वर्षी किमान वेतन लागू झाले, १९८९ मध्ये साऱ्या देशाला आरोग्य विमा मिळाला. ज्या कोरियाचे गोडवे आपण गातो तो हा, संपांनंतरचा.

ते-इलच्या आईने, ई सो-सन यांनी, मुलगा गेल्यावर दोनच आठवड्यांत त्या बाजारात कामगार संघटना उभी करायला हातभार लावला, अनेकदा तुरुंग भोगला, आणि २०११ साली त्या वारल्या तोवर विद्यार्थी नि कामगार दोघेही त्यांना ‘आई’ म्हणत. कामाच्या तासांवर तिथे आजही झगडा चालतो. २०१८ च्या कायद्याने आठवड्याची कमाल मर्यादा ५२ तासांवर आणली. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने ती ६९ तासांपर्यंत ताणण्याचा बेत जाहीर केला. तेव्हा तिथल्या तरुण नोकरदारांनी असा गिल्ला केला, की आठवडा-पंधरवड्यातच मंत्र्यांना तो बेत पुन्हा तपासून पाहतो म्हणावे लागले.