प्रवास ज्याचा, तयारी त्याची

तुमच्या घरातून किंवा मोहल्ल्यातून कोणीतरी हजला गेलेले तुम्ही पाहिले असेल. बहुधा ती माणसे वयस्कर असतात. कोणी शिवणकाम करून, कोणी दुकान चालवून, तर कोणी पेन्शनमधून पैसे बाजूला टाकून वर्षानुवर्षे या दिवसाची वाट पाहत असते. अनेकांचा तो पहिलाच परदेशप्रवास असतो. हज कमिटीच्या सोडतीत नाव निघाले की घरात आनंदीआनंद होतो. पाहुणे येतात, दावती होतात, नव्या बॅगा आणल्या जातात. मुलगा कागदपत्रे पाहतो, सून बॅग भरते, नातू मोबाइलवर माहिती भरतो. आणि दादी म्हणते, "मला काय कळते त्यातले? तुम्हीच करा सगळे."

माझ्या मते हे बरोबर नाही. दादीची तयारी दादीने स्वतः केली पाहिजे. आपण तिला मदत करावी, पण तिच्या वाटची तयारी आपण उरकून टाकू नये. कारण विमानात ती बसणार आहे, आपण नाही.

पूर्वी मुंबईहून हाजी लोक जहाजाने जात. वाटेत बरेच दिवस लागत. जहाजावर अनुभवी माणसे भेटत आणि त्यांच्याकडून चार गोष्टी शिकता येत. तो समुद्रमार्ग 1995 मध्ये बंद झाला. आता विमान काही तासांतच जेद्दा किंवा मदिना येथे पोहोचवते. म्हणून जे शिकायचे ते घरातूनच शिकून निघाले पाहिजे.

सर्वांत आधी शरीराची तयारी हवी. सफा आणि मरवा यांच्यामधील सात फेऱ्यांतच सुमारे 3 किलोमीटर चालणे होते. तवाफ, मिना, अरफात येथील चालणे निराळेच. त्यात उन्हाची भर पडते. 2024 साली हजच्या दिवसांत मक्केत तापमान 51 अंश सेल्सियसच्या वर गेले होते. त्या वर्षी 1,301 यात्रेकरूंचा मृत्यू झाला, असे सौदी सरकारने सांगितले. त्यांतील बहुतेक जण परवान्याशिवाय आलेले होते आणि सावलीवाचून दूरवर चालले होते. ही गोष्ट घाबरण्यासाठी नाही, शिकण्यासाठी आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज थोडे थोडे चालण्याचा सराव करावा. ज्या चपला तिकडे घालायच्या, त्याच घालून चालावे. नव्या कोऱ्या चपलांनी पाय सोलवटतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिण्याची सवयही इथेच लावून घ्यावी.

दुसरी तयारी कागदांची. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही किमान सहा महिने शिल्लक असावी, असा अनेक देशांचा नियम आहे. पासपोर्टवर नाव जसे आहे, तसेच ते प्रत्येक अर्जात लिहावे. एखादे अक्षर बदलले तरी अडचण होते. मेंदूज्वराची लस घेणे हजसाठी सक्तीचे आहे आणि ती पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. रोजची औषधे मूळ पाकिटातच ठेवावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

तिसरी तयारी बॅगेची. ती जाणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरावी. नाहीतर परक्या गावी लहानशी गोष्ट शोधताना सगळी बॅग उपसावी लागते. काय न्यायचे, याइतकेच काय न्यायचे नाही हेही महत्त्वाचे आहे. आपल्या स्वयंपाकघरात खसखस सहज सापडते, पण सौदी अरेबियात ती नेण्यास मनाई आहे. मिना येथे 1997 साली तंबूंना भीषण आग लागली आणि 343 माणसे मरण पावली. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक करण्यास बंदी झाली. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. "एवढे पुडके माझ्या भावाला द्या," असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नाही म्हणावे. पुडक्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते, पण त्याची जबाबदारी आपल्यावर येते. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला तिथे मृत्युदंडही होऊ शकतो.

चौथी तयारी हरवल्यावर सापडण्याची. मिनात एकसारख्या पांढऱ्या तंबूंच्या रांगाच रांगा असतात. तिथे भला माणूस वाट चुकतो. आपल्या इमारतीचा व तंबूचा क्रमांक सांगता येणे, मोबाइलवरून घरी फोन लावता येणे, एवढे तरी प्रत्येकाला यायला हवे.

काही जण म्हणतील, "अल्लाहवर भरवसा आहे, मग इतकी काळजी कशाला?" भरवसा जरूर असावा. पण शेतकरीसुद्धा पावसाची दुआ मागतो आणि नांगरणीही करतो. तयारी केली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

आता तुमचे काम सांगतो. तुम्ही शाळेत जाता, उर्दू वाचता, मराठी शिकता. घरात अर्ज आला की तो तुमच्या हाती येतो. पण अर्ज भरून मोकळे होऊ नका. त्यातली एकेक ओळ दादीला समजावून सांगा. तिथल्या पाट्या अरबीत असतात. त्यांची लिपी तुमच्या ओळखीची आहे. फक्त चार आणि सहा यांसारखे काही आकडे उर्दूपेक्षा थोडे निराळे लिहितात. ते तिला कागदावर काढून दाखवा. रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा. फोन तिच्या हातात द्या आणि तिलाच नंबर लावू द्या. दहा वेळा चुकली तरी रागावू नका. तिनेही तुम्हाला अलिफ-बे शिकवताना कधी घाई केली नव्हती.

ज्या प्रवासासाठी माणसाने अर्धे आयुष्य वाट पाहिली, तो त्याला स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या समजुतीने करता आला पाहिजे. विमानतळाच्या दारापाशी आपल्याला थांबावे लागते. त्यापुढे दादीबरोबर जाते ती तिने स्वतः शिकलेली गोष्ट.